पोटातलं कोरं कापड

धम्मानंद मेश्राम यांच्या पोटात डॉक्टरांनी पंधरा सेंटिमीटर लांब आणि तितकीच रुंद जाळी बसवली, आणि बसवण्याआधी ती त्यांना दाखवली नाही. बाकी सगळं त्यांनी माफ केलं होतं. पाठीत सुई टोचली ते माफ, दोन दिवस नुसती पेज पाजली तेही माफ. पण ज्या माणसानं छत्तीस वर्षं नागपूरच्या गांधीबागेत कापड विकलं, त्याच्याच अंगात कापड घालायचं आणि त्याला साधा नमुनाही दाखवायचा नाही, ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली.

"जाळी म्हंजे कापडच ना जी?" ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी तपासायला आलेल्या डॉक्टर रितिका यांना त्यांनी विचारलं.

"तसं म्हणा काका. प्लास्टिकच्या बारीक धाग्याची असते."

"ताणा-बाणा आहे का होजरी आहे?"

डॉक्टर रितिका हुशार होत्या. वयानं लहान, पण हाताला यश असलेल्या. शिकताना त्यांना अनेक अवघड प्रश्न विचारले गेले असतील, त्यात हा नक्की नव्हता. त्या थोडा विचार करून म्हणाल्या, "बनियनचं असतं ना, तसं विणकाम असतं."

"म्हंजे होजरी," धम्मानंद म्हणाले, "होजरी आटते." आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. कूस वळवता येत नव्हती, त्यामुळे राग नुसत्या मानेनंच दाखवावा लागला.

बेंबीच्या वर त्यांना हा हर्निया झाला होता. पोटाच्या भिंतीला एक भोक पडलं होतं आणि खोकलं की त्यातून आतडं डोकावून जायचं. डॉक्टरांनी ते भोक शिवलं आणि वरून जाळीचं ठिगळ दिलं. आता हे काम महिनाभर पुढे गेलं असतं तरी फारसं बिघडलं नसतं. पण धम्मानंदांना ते डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात उरकायचं होतं, आणि त्याचं कारण होतं त्यांची बायको, कांताबाई.

मनीषनगरात त्यांच्या घराजवळच्या विहारातल्या बाया दर दोन-तीन वर्षांनी सारनाथ, बोधगया, राजगीर असं करून येत. कांताबाईंचं नाव त्या यादीत तीनदा लागलं आणि तीनदा कटलं. पहिल्यांदा सासूचा पाय मोडला. दुसऱ्यांदा मुलाची, प्रशिकची, बारावी आली. तिसऱ्यांदा तर तिकीट हातात होतं आणि कोरोनानं गाड्याच बंद केल्या. कांताबाईंनी तिन्ही वेळा "जाऊ द्या, पुढच्या वर्षी" एवढंच म्हटलं आणि भाजी निवडायला घेतली. तिसऱ्या वेळी त्या मेथी निवडत होत्या आणि पानं टाकून काड्या ठेवत होत्या, हे धम्मानंदांनी पाहिलं होतं. म्हणून त्यांनी ठरवलं, की गाडी सुटायच्या तीन आठवडे आधी ऑपरेशन करून टाकायचं, म्हणजे तिला मागची काही चिंता नको. चौथ्यांदा नाव कटू द्यायचं नव्हतं.

कांताबाईंची तयारी जोरात चालली होती. प्रशिकनं पुण्याहून आईसाठी पांढरे कॅनव्हासचे बूट पाठवले होते. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी नाडीचे बूट त्या पहिल्यांदाच घालत होत्या. रोज संध्याकाळी स्वयंपाक आटोपला की त्या बूट घालत आणि बैठकीतून स्वयंपाकघरापर्यंत अन् स्वयंपाकघरातून बैठकीपर्यंत वीस फेऱ्या मारत. राजगीरला डोंगर चढायचा होता, त्याचा हा सराव. दिवाणावर पडल्या पडल्या धम्मानंद फेऱ्या मोजत. यात्रेसाठी दोन पांढऱ्या साड्या त्यांनी स्वतः निवडून आणल्या होत्या. त्या साड्यांना इस्त्री चार वेळा झाली होती.

सुरुवातीचे दहा दिवस छान गेले. पोटाला बांधायला दवाखान्यानं एक इलॅस्टिकचा पट्टा दिला होता. धम्मानंदांनी तो दोन बोटांत धरून चोळून पाहिला, उजेडात धरला आणि "चार धुण्यांत जीव जाईन याचा" असा निकाल दिला. पट्टा उघडताना चर्र असा मोठा आवाज होई, तोही त्यांना आवडला नाही. पण सहा आठवडे बांधायचा म्हणजे बांधायचा. जड उचलायचं नाही, खोकायचं नाही, शिंक आली तर उशी पोटाशी धरायची, संडासला जोर करायचा नाही, असे बाकीचे नियम होते. ते सगळे कांताबाईंनी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवले.

शेजारचे नानाजी रोज सकाळी समाचाराला येत. नानाजी वीज मंडळात मीटर रीडर होते. तीस वर्षं लोकांच्या घरात शिरून मीटर वाचल्यामुळे अर्ध्या नागपूरची दुखणी त्यांना ठाऊक होती आणि त्यातली बरीचशी त्यांच्याच सल्ल्यानं वाढली होती. "मेश्राम भाऊ, हर्निया काही बिमारी नव्हे," ते म्हणाले. "वायरिंग तुमची चांगलीच आहे. फक्त बोर्डाचा खोका फुटला होता." धम्मानंदांना हसू आलं आणि टाक्यांना कळ लागली. कांताबाईंनी नानाजींना दुसऱ्या दिवसापासून फक्त गंभीर विषयांवर बोलण्याची अट घातली.

टाके निघाले. अकराव्या दिवशी आंघोळ करताना धम्मानंदांनी पट्टा काढला, तर जुन्याच जागी, बेंबीच्या वर, पुन्हा एक टेंगूळ आलेलं. बोराएवढं.

ते साबण हातात धरून पाटावर तसेच बसून राहिले. दुसरा कोणी असता तर त्यानं डॉक्टरला फोन केला असता. पण धम्मानंद कापडातले माणूस होते. त्यांचे वडील गिरणीत सूतखात्यात होते, ते स्वतः अठराव्या वर्षापासून सुताच्या वासात वावरले. त्यांना कारण शोधायला डॉक्टरची गरज नव्हती. हजारो बायांना ब्लाउजपीस देताना ते जे वाक्य बोलले होते, तेच त्यांना आठवलं. 'बाई, अस्तर भिजवून घ्या. कोरं शिवाल तर पहिल्याच पाण्यात आटन अन् शिवण तटतटन.' इथे तेच झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी अस्तर भिजवलं नव्हतं. कोरं कापड तसंच पोटात शिवून टाकलं होतं, आता ते आत आटू लागलं होतं आणि टाका सुटला होता.

पुढचा विचार त्याहून सरळ होता. कापड आटतं ते पाण्यानं. म्हणजे पाणी कमी केलं पाहिजे.

त्या दिवसापासून धम्मानंदांनी पाणी सोडलं. अगदी कडक सोडलं नाही. गोळीपुरता घोट घेत. चहा दोन वेळा चालू ठेवला, कारण त्यात निम्मं दूध असतं आणि दुधानं कापड आटल्याचं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. वरण बंद केलं, भाजी कोरडी मागू लागले. कांताबाई पाण्याचा तांब्या उशाशी ठेवून जात. तो ते खिडकीतल्या तुळशीला घालत. डिसेंबरच्या थंडीत तुळस अशी फोफावली, की कांताबाईंनी एकदा तिचं कौतुक केलं.

डॉक्टरकडे जायचं नाही, हे तर त्यांनी आधीच ठरवलं होतं. डॉक्टर म्हणतील, दाखल व्हा. मग कांताबाई बुटाच्या नाड्या सोडतील, "जाऊ द्या, पुढच्या वर्षी" म्हणतील आणि मेथी निवडायला घेतील. गाडी एकवीस तारखेला दुपारी सुटणार होती. बावीसला सकाळी पोट घेऊन दवाखान्यात जाऊ, मग फाडा काय फाडायचं ते, असा त्यांचा बेत होता. तोवर फक्त नऊ दिवस काढायचे होते.

पण पोटाचं एक असतं. एका दरवाज्याचं पाणी तोडलं की दुसरा दरवाजा बंद होतो. तिसऱ्या दिवशी धम्मानंद सकाळी अर्धा तास संडासात बसून आले आणि चेहरा पाडून दिवाणावर टेकले. चौथ्या दिवशीही तसंच झालं. पाचव्या दिवशी नानाजींनी त्यांच्या तोंडाकडे पाहूनच दुखणं ओळखलं.

"इसबगोल घ्या," नानाजी म्हणाले. "दोन चमचे. सकाळी लाइन क्लिअर."

धम्मानंदांनी इसबगोल घेतला. कोरडा. फक्की मारून, वर अर्धा कप चहा. इसबगोलाला जगात एकच गोष्ट लागते, ती म्हणजे पाणी. ते न मिळाल्यामुळे तो पोटात गेला आणि जिथे होता तिथेच मुक्काम करून बसला. दुसऱ्या दिवशी धम्मानंदांना आपण सिमेंट प्यायलो असं वाटत होतं. जोर करायचा नाही हा नियम कॅलेंडरच्या मागे लिहिलेलाच होता, पण माणूस किती दिवस नियमानं जगणार. संध्याकाळी त्यांनी पाहिलं तर टेंगूळ आवळ्याएवढं झालं होतं.

तेव्हा त्यांनी नानाजींना सगळं सांगितलं. कोणाला तरी सांगणं भाग होतं. नानाजींनी टेंगूळ पाहिलं आणि बोटानं हळूच दाबलं.

"वहिनीले सांगा," ते म्हणाले. आजवर दिलेल्या सल्ल्यांपैकी हा एकच सल्ला बरोबर होता आणि नेमका तोच धम्मानंदांनी मानला नाही.

"नानाजी, तिचं नाव तीनदा कटलं. या वेळेस माझ्या पोटापायी कटलं तर मी तिले तोंड कसं दाखवू? तुम्ही शब्द द्या, बोलणार नाही म्हणून."

नानाजींनी शब्द दिला. आणि एकदा शब्द दिल्यावर नुसतं बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. हा पट्टा कमजोर आहे, म्हणून फुगवटा बाहेर येऊन राहिला, असं दोघांचं एकमत झालं. कपाटात धम्मानंदांनी जपून ठेवलेला खाकी ड्रिलचा, म्हणजे गणवेशाच्या जाड कापडाचा, एक तुकडा होता. नानाजी तो चौकातल्या टेलरकडे घेऊन गेले आणि दुहेरी करून, मागे चार नाड्या लावून पट्टा शिवून आणला. टेलरनं हे कूलरचं कव्हर आहे का असं विचारलं, ते त्यांनी धम्मानंदांना सांगितलं नाही.

कांताबाई नऊ वाजता विहारात जात. तिथे कौसल्याताई, म्हणजे यात्रेच्या मुख्य, सगळ्यांची बैठक घेत. कोणी किती चिवडा आणायचा इथपासून गटात कोण कोणाचा हात धरणार इथपर्यंत सगळं ठरत होतं. त्या गेल्या की नानाजी येत. धम्मानंद भिंतीला हात टेकून उभे राहत आणि नानाजी मागून, दिवाणाच्या कडेला गुडघा लावून, नाड्या आवळत.

"अजून आवळू का?"

"आवळा. दुकानात याहून घट्ट गठ्ठे बांधले मी. आवळा तुम्ही."

ड्रिल ताणलं जात नाही. त्यामुळे टेंगूळ दबलं, पण आत न जाता जरासं डावीकडे सरकलं, आणि धम्मानंदांना पूर्ण श्वास घेणं बंद करावं लागलं. ते आखूड आखूड श्वास घेत, कमी बोलत आणि ताठ बसत. कांताबाई एकदा फेऱ्या मारता मारता थांबून म्हणाल्या, "आजकाल कसे सरळ बसता हो तुम्ही. ऑपरेशन मानवलं तुम्हाले." आणि पुन्हा चालू लागल्या. नाडीची गाठ त्यांना आता न पाहता बांधता येऊ लागली होती. धम्मानंदांना त्या वेळी खरोखर आनंद झाला, टेंगळासकट झाला.

वीस तारीख उजाडली. टेंगूळ आता काटोलच्या बऱ्यापैकी संत्र्याएवढं झालं होतं. तोंडाला कोरड पडली होती आणि उभं राहिलं की डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. पण एकच दिवस राहिला होता. नेमका त्याच सकाळी विमा कंपनीचा फोन आला, की तुमच्या फाइलमध्ये जाळीच्या पाकिटावरचं स्टिकर नाही, ते आजच्या आज दवाखान्यातून आणून पाठवा, नाहीतर फाइल बंद होईल.

धम्मानंदांचे डोळे चमकले. पाकिटावरचं स्टिकर म्हणजे कापडाचं लेबल. शेवटी एकदाचा माल कोणता ते समजणार होतं. कांताबाई चिवडा करण्यात गुंतल्या होत्या. त्यांना "स्टिकर घेऊन येतो" एवढंच सांगून ते नानाजींच्या स्कूटरवर मागे बसले. बुडाखाली उशी घेतली होती. दुरुस्तीसाठी खणलेला रस्ता आला की नानाजी "गड्ढा" असं आधी ओरडत आणि मग त्यात जात.

दवाखान्याच्या रेकॉर्ड खिडकीवरच्या बाबूला काहीच घाई नव्हती.

"अर्ज लागेल."

अर्ज दिला.

"डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स."

झेरॉक्स समोरच्या दुकानातून आणली. दुकानदार चहाला गेला होता, तो येईपर्यंत नानाजींनी त्याचं मीटर वाचलं.

"पेशंटची सही."

"केली ना जी. हे काय."

"पेशंटनं स्वतः करावी लागते."

"मीच पेशंट आहो."

बाबूनं त्यांना चष्म्यावरून पाहिलं. ड्रिलच्या पट्ट्यामुळे धम्मानंद कवायतीला उभे असल्यासारखे ताठ होते. "तुम्ही पेशंट दिसत नाही," बाबू म्हणाला, "ओळखपत्र दाखवा." धम्मानंदांना सदरा वर करून दाखवावंसं वाटलं, पण त्यांनी आधार कार्ड दाखवलं. त्यावरच्या फोटोत ते आणखीनच वेगळे दिसत होते. तरी पाऊण तासानं फाइल निघाली आणि स्टिकर हातात आलं.

त्यांनी चष्मा पुसून एकेक अक्षर वाचलं. पंधरा बाय पंधरा. धाग्याचं नाव. लॉट नंबर. आणि खाली, बारीक अक्षरात, मुदत संपण्याची तारीख. अडीच वर्षांनंतरची.

"नानाजी," ते हळू आवाजात म्हणाले, "माल अडीच वर्षांचाच आहे."

नानाजींनी वाचलं. तारीख खरोखर तीच होती. "मग तोवर प्रशिकचं लग्न उरकून घ्या," ते म्हणाले. धीर देण्याचा त्यांचा हेतू होता.

धम्मानंद बाकाकडे वळले. बाक दोन पावलांवर होतं. पण नऊ दिवसांची तहान, इसबगोल, ड्रिलच्या चार नाड्या आणि वर ही तारीख, एवढं सगळं एकदम त्या दोन पावलांत आलं, आणि ते बाकापर्यंत न पोचता खाली बसले, आणि बसल्याचे आडवे झाले.

शुद्धीवर आले तेव्हा ते तपासणीच्या खाटेवर होते, हातात सलाइन होतं आणि डॉक्टर रितिका कात्रीनं त्यांचा पट्टा कापत होत्या. नानाजींच्या गाठी त्यांना सुटल्या नव्हत्या.

"हे काय आहे, काका?"

"ड्रिल. दुहेरी," धम्मानंद म्हणाले. "कापू नका, चांगलं कापड आहे."

डॉक्टरांनी टेंगूळ दाबून पाहिलं, सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं, आणि त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. "काही फाटलेलं नाही. जाळी जागेवर आहे. नुसतं पाणी साचलंय."

"पाणी?" धम्मानंदांनी उठायचा प्रयत्न केला. "मी नऊ दिवस पाणी प्यालो नाही, मॅडम. पाणी आलं कुठून?"

डॉक्टरांनी यंत्र बाजूला ठेवलं. मग त्यांनी एकेक गोष्ट विचारून घेतली, आणि धम्मानंदांनी अस्तरापासून तुळशीपर्यंत सगळं सांगितलं. कोपऱ्यात नानाजी छताकडे पाहत उभे होते. डॉक्टर रितिका हसल्या नाहीत. ऑपरेशनच्या जागी शरीराचंच पाणी साचतं, बऱ्याच जणांना होतं, त्याचा पिण्याच्या पाण्याशी संबंध नसतो, असं त्यांनी समजावून सांगितलं. तारीख पाकीट कधीपर्यंत फोडायचं त्याची आहे, पोटातल्या जाळीची नाही, असंही सांगितलं. "ती जन्मभर राहते, काका. पण एक तुम्ही बरोबर ओळखलंत. जाळी थोडी आटते. म्हणून आम्ही भोकापेक्षा चारी बाजूंनी मोठी घेतो."

"म्हंजे माया ठेवता."

"माया?"

"शिवणीत जास्तीचं कापड ठेवते ना जी, ते."

"हो. पाच-पाच सेंटिमीटर ठेवली आहे."

धम्मानंदांनी समाधानानं मान टेकली. पाच सेंटिमीटर माया म्हणजे भल्या घरचं शिवणकाम. डॉक्टरीणबाईंबद्दल त्यांच्या मनात पहिल्यांदा आदर उत्पन्न झाला. तोवर सुई आत गेली होती आणि सिरिंजमध्ये पिवळसर पाणी भरत होतं. दुसरी सिरिंज भरली. संत्र्याचा आवळा झाला आणि आवळाही दिसेनासा झाला.

"थोडं पुन्हा साचेल, घाबरू नका. सोमवारी दाखवा. आणि घरी फोन केलाय मी, फाइलवर नंबर होता."

"कोणाले केला?" धम्मानंदांनी विचारलं. पण त्यांना उत्तर कळलं होतं.

कांताबाई आल्या तेव्हा त्यांच्या हाताला चिवड्याची हळद होती आणि पायात कॅनव्हासचे बूट होते, एका बुटाची नाडी सुटलेली. त्यांनी आधी डॉक्टरांचं सगळं ऐकून घेतलं. मग नानाजींकडे एकदा पाहिलं. नानाजी लगेच बाहेर स्कूटर पाहायला गेले. मग त्या खाटेजवळ स्टुलावर बसल्या.

"कधीपासून होतं हे?"

"नऊ दिवस झाले."

"नऊ दिवस." त्यांनी हातावरची हळद पदराला पुसली. "अन् मले दिसलं नाही."

"मी दिसू देल्लं नाही ना."

"तुमच्यानं काही लपते का? चप्पल चावली तरी मले तुमच्या चालीवरून समजते. नऊ दिवस तुम्ही तहानलेले राहिले अन् मी घरात बुटं घालून फिरत बसली. मी काय पाहून राहिली होती?" त्यांनी फोन काढला. "कौसल्याताईले फोन करते. माझं नाव काढा म्हणते."

धम्मानंदांनी छत्तीस वर्षांत न घेणाऱ्या बायांना साड्या विकल्या होत्या. वधूपक्ष आणि वरपक्ष यांचं एका रंगावर एकमत करून दिलं होतं. पण इथे ते कसब चालणार नव्हतं. मग ते मनात होतं तेच बोलले.

"चौतीस वर्षं तू माझ्याकडेच पाहून राहिली, कांता. मी जेवलो का, मी झोपलो का, माझी चाल कशी आहे. हे नऊ दिवस तू पहिल्यांदा माझ्याकडे नाही पाहिलं. तू वीस फेऱ्या मारत होती अन् तोंडातल्या तोंडात वंदना म्हणत होती. मी दिवाणावरून पाहत होतो. पोट दुखत होतं, पण मले बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं." त्यांनी तिच्या बुटांकडे पाहिलं. "आता तू नाही गेली तर मी नऊ दिवस तहानलेला फुकटच राहिलो."

कांताबाई रडल्या. फार नाही, थोड्या, आणि लगेच नाकही पुसलं. मग खाली वाकून त्यांनी सुटलेली नाडी बांधली, दोनदा ओढून पाहिली, आणि डॉक्टरांना विचारलं, "यांले दिवसाले किती गिलास पाणी लागते, मॅडम?"

"दहा तरी."

कांताबाईंनी दारातून हाक मारली. "नानाजी, या इकडे. तुमची नोकरी पुन्हा सुरू झाली. सकाळ-संध्याकाळ घरी यायचं, किती गिलास झाले ते लिहायचं अन् मले फोनवर सांगायचं. कमी भरलं तर तुमच्या दोघांचंही कनेक्शन कापते मी."

"हाव वहिनी," नानाजी म्हणाले. इतक्या लवकर सुटका होईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्टेशनावर पांढऱ्या साड्यांतल्या बावीस बाया, त्यांची पोरंबाळं, सुना, नवरे असा मेळा जमला होता. जो तो उठून जयभीम करत होता आणि जो तो धम्मानंदांना पोटाचं विचारत होता. बातमी रातोरात सगळ्या विहारात पोचली होती, अस्तरासकट. धम्मानंदांनी सगळं निमूट सोसलं. गाडी दुसऱ्या फलाटावर येणार असल्याचं कळलं आणि सगळे पुलाकडे निघाले. कांताबाईंच्या एका हातात सुटकेस होती, दुसऱ्या हातात चिवड्याची पिशवी, खांद्याला पाण्याची बाटली. मागे धम्मानंद दोन्ही हात रिकामे सोडून चालत होते. आयुष्यात त्यांनी बायकोला आपल्या देखत रिकामी पिशवीही उचलू दिली नव्हती.

समोरून येणारा एक तरणा माणूस थांबला. "काय काका," तो म्हणाला, "मावशी एवढं सामान नेऊन राहिली अन् तुम्ही हात हलवत चालून राहिले. पकडा ना थोडं."

धम्मानंदांचे कान तापले. त्याला थांबवून ऑपरेशन सांगावं, टाके सांगावे, पंधरा बाय पंधरा सांगावं, असं त्यांना वाटलं. स्टिकर खिशातच होतं. पण कांताबाई पुढे निघून गेल्या होत्या. पुलाच्या पायऱ्या त्या न थांबता चढत होत्या, बूट एकेका पायरीवर नीट टेकवत.

"मावशीले जमते," धम्मानंद म्हणाले, आणि एकेक पायरी चढू लागले.

गाडी आली. कांताबाईंना खिडकी मिळाली. त्यांनी खिडकीतून गोळ्यांच्या वेळा सांगितल्या, पट्टा कोणता बांधायचा ते सांगितलं, फ्रिजमधली भाजी आधी कोणती संपवायची ते सांगितलं. धम्मानंद प्रत्येक गोष्टीला हाव म्हणाले. त्यांना एकच धास्ती होती, की गाडी हलताना ती आपल्याकडे पाहील, डोळ्यांत पाणी आणील आणि सारनाथपर्यंत आपल्या पोटाचाच विचार करत जाईल. म्हणून त्यांनी चेहरा जमेल तितका निरोगी करून ठेवला.

शिट्टी झाली. तेवढ्यात आतून कौसल्याताईंनी काहीतरी म्हटलं आणि सगळ्या बाया एकदम हसल्या. कांताबाई आत वळल्या. कोणीतरी त्यांच्या हातात टाळी दिली. गाडी हलली. त्यांची मान आतच होती; त्या काहीतरी सांगत होत्या, हात हलवून हलवून, आणि समोरच्या दोघी पोट धरून ऐकत होत्या. डबा पुढे गेला. खिडकी लहान होत गेली. त्या खिडकीतून कोणी बाहेर पाहिलं नाही.

नानाजींना वाईट वाटलं. ते धम्मानंदांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गडबडीत राहून गेलं असन, मेश्राम भाऊ. मनावर घेऊ नका. वहिनीनं मागं नाही पाहिलं."

"नाही पाहिलं," धम्मानंद म्हणाले. त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. "एकदाही नाही पाहिलं, नानाजी."

आणि शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत ते हात हलवत उभे राहिले.